मायक्रोबायोलॉजी आणि संसर्गरोग: दोन वेगळ्या डिग्र्या ठेवायच्या की एकच प्रशिक्षण करायचं?

सयाजीगंजकर

बडोदा आणि आसपासच्या मराठी डॉक्टर मंडळींपुढे एक ठाम मत मांडतो. विरोध असेल तर जरूर करा, पण कारणांसकट करा. एमडी मायक्रोबायोलॉजी (जंतूंची प्रयोगशाळा) आणि डीएम संसर्गरोग (रुग्णसेवा) या दोन वाटा आज एकमेकींना जवळजवळ भेटतच नाहीत. येत्या दहा वर्षांत त्या एकत्र आणल्या नाहीत तर प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंपुढे आपला निभाव लागणार नाही.

आजची व्यवस्था अशी आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी मायक्रो. बॅक्टेरिऑलॉजी, सिरॉलॉजी, मायकॉलॉजी, व्हायरॉलॉजी, पॅरासायटॉलॉजी असे विभाग फिरायचे आणि थीसिस लिहायचा. या सगळ्यात रुग्णाच्या केसपेपरवर औषधाचा डोस लिहायची वेळ सहसा येत नाही. दुसरी वाट म्हणजे मेडिसीन किंवा बालरोगात एमडी करून वर तीन वर्षांचं डीएम. तिथे रुग्ण भरपूर असतात, पण कल्चर प्लेटवर (जंतू वाढवायच्या थाळीवर) काय उगवलं आणि त्यातलं रिपोर्टवर काय उतरलं, हे कळायला जेवढं बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेच्या टेबलाशी, बसायला हवं तेवढं बसणं होत नाही.

याचा फटका कुठे बसतो ते बघा. आयसीयूतल्या रुग्णाच्या रक्तात क्लेब्सिएला हा जंतू उगवला, मेरोपेनेम या प्रतिजैविकाला रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. रिपोर्टवर 'आर'ची रांग. आता पहिला प्रश्न हा की त्या जंतूतलं कोणतं एन्झाइम औषध तोडतंय? ऑक्सा-४८ असेल तर सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम चालतं. एनडीएम असेल तर अ‍ॅव्हिबॅक्टम त्याला रोखू शकत नाही, जोडीला अ‍ॅझ्ट्रिओनाम लागतं. अ‍ॅझ्ट्रिओनामला एनडीएम तोडत नाही, पण त्याच जंतूत असलेली ईएसबीएल एन्झाइम्स तोडतात, आणि त्यांना अ‍ॅव्हिबॅक्टम आवरतं. म्हणून दोन्ही औषधं एकाच वेळी रक्तात असायला हवीत. एक सकाळी आणि एक दुपारी दिलं तर जोडीचा अर्थच जातो. एन्झाइमच्या जीनची टेस्ट लावणारा एक, औषध लिहिणारा दुसरा, आणि दोघांचं बोलणं नाही, अशा ठिकाणी हा निर्णय सहज दोन दिवस लांबतो. सेप्सिसचा रुग्ण दोन दिवस थांबत नाही.

माझा प्रस्ताव: पहिली दोन वर्षं सगळ्यांना सामाईक, एक वर्ष बेंच, एक वर्ष वॉर्ड आणि आयसीयू. पुढची तीन वर्षं ज्याच्या त्याच्या कलाप्रमाणे प्रयोगशाळा किंवा रुग्णसेवा. एकूण पाच. आजच्या एमडी अधिक डीएमला सहा लागतात.

म्युलरहिंटन

दुखणं बरोबर ओळखलंत, उपाय मात्र पटला नाही. एका वर्षात बेंच शिकून होत नाही, आणि बेंच कच्चा असलेला माणूस वॉर्डात जाऊन चुकीचा रिपोर्ट जास्त आत्मविश्वासाने सांगेल.

साधी डिस्क डिफ्यूजन घ्या: जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती जंतू न उगवलेली गोल जागा, म्हणजे झोन, मोजायची. म्युलर-हिंटन अगार या माध्यमाचा थर ४ मिमी हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. ओतणाऱ्याने हात सैल सोडला आणि थर ५-६ मिमी झाला की औषध खोलवर पसरतं, झोन लहान येतो आणि सेन्सिटिव्ह (औषधाला दाद देणारा) जंतू रेझिस्टंट दिसतो. जंतूंचं सस्पेन्शन ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या गढूळपणापेक्षा दाट झालं तरी तेच. माध्यमात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडलं की उलटं होतं: सुडोमोनास जंतूवर अमिकासिन या अमिनोग्लायकोसाइड औषधाचा झोन फुगतो, रिपोर्ट 'सेन्सिटिव्ह' जातो आणि रुग्ण सुधारत नाही. पीएच ७.२ ते ७.४ च्या खाली घसरला की अमिनोग्लायकोसाइड दुबळं दिसतं आणि टेट्रासायक्लिन बलवान. हे ओळखायचं कसं? एटीसीसी २५९२२ हा पडताळणीचा (कंट्रोल) ई. कोलाय जंतू नेमाने लावून त्याचे झोन तक्त्याशी ताडून. तो हद्दीबाहेर गेला तर त्या दिवशीचे रिपोर्ट अडवून धरायची हिंमत लागते. वॉर्डातून फोनवर फोन येत असताना रिपोर्ट अडवून धरणारा माणूस बारा महिन्यांत तयार होत नाही.

कॉलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाचं तर विचारूच नका. हा रेणू मोठा, अगारमध्ये नीट सरकत नाही, त्यामुळे डिस्कचा झोन निरर्थक. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाचं प्रमाण पायरीपायरीने बदलून जंतू कुठे वाढतो ते बघणं) हाच भरवशाचा मार्ग. सीएलएसआय या चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०२० पासून कॉलिस्टिनला 'सेन्सिटिव्ह' ही पायरीच ठेवलेली नाही. एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं किमान प्रमाण, २ किंवा कमी आली तरी 'इंटरमीजिएट', ४ किंवा जास्त म्हणजे रेझिस्टंट. तरीही डिस्क लावून 'कॉलिस्टिन एस' लिहिलेले रिपोर्ट आजही फिरतात. दोष प्रशिक्षण पातळ झाल्याचा आहे. तुम्ही ते आणखी पातळ करताय.

विश्वामित्री_एमडी

मी मेडिसीनच्या बाजूने लिहितो. संसर्गरोगाचा डॉक्टर मुळात डॉक्टर आहे, रुग्णाची जबाबदारी त्याची. वर्षभर वॉर्ड फिरून आलेल्याला ती जबाबदारी पेलणार नाही.

स्टॅफ ऑरियस हा जंतू रक्तात सापडला की काय काय करावं लागतं ते बघा. दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं), निगेटिव्ह येईपर्यंत. प्रत्येकाची इको (हृदयाची सोनोग्राफी). सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असेल तर काढायची. पाठ दुखतेय का विचारायचं, दुखत असेल तर मणक्याचा एमआरआय. मेथिसिलिन सेन्सिटिव्ह निघाला की व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन, कारण तिथे व्हँको कमी पडतं. उपचाराचे दिवस पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून मोजायचे: गुंतागुंत नसेल तर किमान १४ दिवस, असेल तर ४ ते ६ आठवडे. संसर्गरोगतज्ज्ञाने असा रुग्ण पाहिला तर मृत्यू कमी होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. यातली एकही गोष्ट इन्क्युबेटरसमोर ठरत नाही.

डीएमवाल्यांना बेंचवर तीन महिने नीट बसवा, पुरे. खरी उणीव पदांची आहे. किती जिल्हा रुग्णालयांत संसर्गरोगतज्ज्ञ हे पदच मंजूर आहे? पद नसेल तर पाच वर्षांचं करा नाहीतर तीन, शिकून माणूस जाणार कुठे?

सयाजीगंजकर

@म्युलरहिंटन, मॅडम, पातळ करण्याचा हेतू नाही. प्रयोगशाळेची शाखा घेणाऱ्याला माझ्या हिशेबात एक अधिक तीन अशी चार वर्षं बेंच मिळतो, आजच्यापेक्षा जास्त. @विश्वामित्री, हीच यादी रुग्णालयात कुणीतरी रेटावी लागते ना? स्टॅफ ऑरियस उगवल्याचं सगळ्यात आधी मायक्रोवाल्याला कळतं. ब्लड कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झाल्याक्षणी तोच वॉर्डात चालत गेला तर ही यादी पहिल्या दिवशी सुरू होते.

पंचमहाल

दोन्हीकडची बाजू मोठ्या रुग्णालयाची झाली. पूर्व गुजरातेतल्या गोध्रा, दाहोद, छोटा उदेपूरकडून बघा. तिथे ब्लड कल्चर हेच मुळात धड होत नाही, त्यावर डिग्रीचा इमला काय चढवणार?

मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त हवं, दोन वेगवेगळ्या जागांवरून किमान दोन संच. प्रत्यक्षात २-३ मिली येतं, एकाच बाटलीत, तेही सेफ्ट्रियाक्सोनचा डोस गेल्यावर. सेप्सिसमध्येही रक्तातले जंतू इतके विरळ असतात की एक मिलिलिटर तपासलं तर त्यात एकही सापडेलच असं नाही, म्हणून रक्ताचं प्रमाण हीच सगळ्यात मोठी गोष्ट. त्वचा क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने ३० सेकंद घासून वाळू द्यायची. वाळेपर्यंत थांबत नाहीत, मग त्वचेवरचा स्टॅफ बाटलीत उतरतो. बाटलीच्या रबरी बुचावर स्पिरिट लावायचं राहून जातं. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवतात! इतर रक्ततपासण्यांची सवय लागलेली असते. थंडीने नाजूक जंतू मरतात; बाटली बाहेर, खोलीच्या तापमानाला ठेवून दोन तासांत प्रयोगशाळेत जायला हवी. दूषित कल्चरचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आत ठेवायचं असतं. ते मोजलंच जात नाही तिथे कमी कसं होणार?

एवढं होत नाही म्हणून मग एकट्या विडाल या रक्तचाचणीवर टायफॉइडचं निदान होतं आणि अझिथ्रोमायसिन सुटतं.

माझं म्हणणं, नवी डिग्री नको. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) पीजींना जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने सक्तीचे केलेच आहेत. मायक्रोच्या रेसिडेंटला त्या तीन महिन्यांत एकच काम नेमून द्या: जिल्हा रुग्णालयात ब्लड कल्चरची साखळी उभी करायची, पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे आकडे सादर करायचे. रक्ताचं सरासरी प्रमाण, दूषित बाटल्या, प्रतिजैविकाआधी घेतलेली सँपल्स. हाजिरी भरून परत येण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

तिसरं_वर्ष

मोठ्या मंडळींच्या चर्चेत एक मुद्दा राहून जातोय. या शाखेत येतं कोण? नीट-पीजीचा कटऑफ २०२३ मध्ये शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावा लागला, आणि त्यामागे रिकाम्या राहणाऱ्या पॅरा-क्लिनिकल (थेट रुग्णसेवा नसलेल्या शाखांतल्या) जागांचा मोठा वाटा होता. मायक्रो त्यातच मोडतं. 'नॉन-क्लिनिकल' हा शिक्का असेपर्यंत रँक असलेला मुलगा रेडिओलॉजी किंवा मेडिसीनच निवडणार.

पाच वर्षांची डिग्री केलीत तर भीती अशी की आणखी दोन वर्षं कोण देईल? उत्तर वॉर्डात आहे. रुग्णाशी संबंध येतो, ओपीडी करता येते, कन्सल्टेशनची फी लावता येते हे दिसलं तर मुलं येतील. म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे. फक्त एक अट: एमडी आधी पूर्ण करून बाहेर पडायची मुभा असावी. पाच वर्षांना बांधून टाकलं आणि तिसऱ्या वर्षी घरची अडचण आली तर हातात काहीच राहणार नाही.

म्युलरहिंटन

@पंचमहाल, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. पूर्ण सहमत. प्रस्ताव कोणत्याही कॉलेजला उद्यापासून लागू करता येईल, कुणाची परवानगी लागत नाही.

@सयाजीगंजकर, 'बाटली पॉझिटिव्ह झाली की चालत जा' हे मान्य. पण चालत जाण्यासाठी डिग्री बदलावी लागत नाही. आयएसओ १५१८९ या मानकातही डॉक्टरांना सल्ला देणं हे प्रयोगशाळेच्या कामातच धरलं आहे. काम आहेच, ते कुणी करून घेत नाही.

आणि बेंचवरचं शहाणपण किती बारीक असतं त्याचा नमुना देते. म्युकरमायकोसिसचा (काळ्या बुरशीचा) टिश्यू येतो. नवशिका इतर बायोप्सीप्रमाणे तो खलात वाटून टाकतो. म्युकरचे तंतू रुंद, फार थोडे पडदे असलेले. वाटले की फुटतात आणि मरतात, कल्चर निगेटिव्ह. टिश्यूचे ब्लेडने बारीक तुकडे करून थेट माध्यमावर ठेवायचे. कल्चरची वाट तर बघायचीच नाही: बुरशी उठून दिसावी म्हणून केओएच आणि कॅल्कोफ्लोर व्हाइट घालून लगेच स्लाइड बघायची, फितीसारखे रुंद, जवळपास काटकोनात फुटणारे तंतू दिसले की तासाभरात सर्जनला फोन. २०२१ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात या रोगाने किती डोळे आणि जबडे नेले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या वेळी स्लाइड वाचणारी नजर अनमोल होती. वर्षभराच्या रोटेशनमध्ये अशी नजर येत नाही.

वाळूमाशी

साथींचा मुद्दा कुणीच काढला नाही, म्हणून लिहिते. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात सापडला, २००३ मध्ये आंध्रात त्याने मुलं नेली, २००४ मध्ये आपल्याच पूर्व गुजरातेत साथ झाली, आणि २०२४ च्या पावसाळ्यात साबरकांठा-अरवल्लीपासून पुन्हा सुरुवात झाली. ताप, झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळदा ४८ तासांत सगळं संपतं. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी वाळूमाशी तो पसरवते. अशा मुलाच्या बाबतीत तज्ज्ञाने काय करायचं? दाखल होताच सिरम आणि शक्य तर पाठीतलं पाणी, वेगवेगळ्या निर्जंतुक नळ्यांत, बर्फावर, आरटी-पीसीआरसाठी. त्याच दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला फोन, म्हणजे गावात भिंतींच्या भेगांत औषध भुकटी पडते. या विषाणूवर औषध नाही. त्या मुलाला वाचवण्याइतकंच शेजारच्या घरातल्या मुलाला वाचवणं हे काम आहे.

पुराचंही तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी बडोदा शहरात शिरलं. पुरानंतरच्या तापात लेप्टोस्पायरोसिसची आयजीएम (अँटिबॉडीची चाचणी) पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येते, कारण अँटिबॉडी बनायलाच पाच-सात दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर, नंतर आयजीएम. हे न कळल्याने 'लेप्टो नाही' म्हणून डॉक्सिसायक्लिन थांबवलं जातं. इथे बेंचवाला आणि वॉर्डवाला दोघंही चुकतात, कारण तापाचा कितवा दिवस हे तपासणीच्या रिक्विझिशनवर (मागणीपत्रावर) लिहिलेलं नसतं.

त्यामुळे तुमच्या पाच वर्षांत सहा महिने सार्वजनिक आरोग्याचे नसतील तर माझा पाठिंबा नाही. बेंच आणि बेड यांच्यातलं भांडण मिटवून गाव बाहेरच राहणार असेल तर काय उपयोग?

अलकापुरी_लॅब

खासगी प्रयोगशाळांच्या अंगाने. कल्चरचं काम झपाट्याने मोठ्या केंद्रीय लॅबांकडे जातंय. शहरातल्या संकलन केंद्रातून सँपल रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात, तिथे माल्डी-टॉफ या यंत्रावर जंतूंच्या वसाहतीतून काही मिनिटांत जंतूचं नाव, आणि रिपोर्ट मोबाइलवर. नाव पटकन कळतं हे खरं. पण हे यंत्र सेन्सिटिव्हिटी सांगत नाही, शिगेला आणि ई. कोलाय यांच्यात गोंधळतं, आणि सही करणाऱ्याने रुग्ण पाहिलेला नसतो. लघवीत ई. कोलाय मिलिलिटरला एक लाखावर, १८ औषधांची यादी, संपला रिपोर्ट. रुग्णाला लघवीचा त्रासच नसेल तर गर्भवती आणि मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे रुग्ण सोडले तर बहुतेकांना औषध द्यायचंच नसतं. हे रिपोर्टवर कोण लिहितं?

म्हणून प्रशिक्षणात 'रिपोर्ट लिहिणे' हा स्वतंत्र विषय हवा. लघवीच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन ही साधी औषधं चालत असतील तर मेरोपेनेम छापायचंच नाही. मागितलं तर फोनवर सांगायचं. लघवीच्या बाहेरच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन छापायचं नाही. यादी छोटी केली की लिहिणाऱ्याचा हात आपोआप साध्या औषधाकडे जातो. यासाठी पाच वर्षं लागत नाहीत; वरिष्ठाने रोज दहा रिपोर्ट रेसिडेंटकडून लिहून घेऊन लाल पेनने खोडले तरी पुरे.

रावपुरा_ते_लीड्स

ब्रिटनचं उदाहरण कुणीतरी देणारच होतं, मीच देतो. तिथे २०१५ पासून संसर्गाशी संबंधित सगळ्या शाखांना दोन वर्षांचं सामाईक प्रशिक्षण आहे, एफआरसीपॅथ या तिथल्या पॅथॉलॉजी परीक्षेचा पहिला भाग त्यात द्यावा लागतो, मग शाखा फुटतात. धागाकर्त्यांच्या प्रस्तावाचा सांगाडा जवळपास हाच. फायदा खरा आहे: मायक्रोचा कन्सल्टंट आयसीयूच्या राउंडला रोज असतो आणि फिजिशियनला एमआयसी वाचता येते. अडचणही खरी आहे. जो जनरल मेडिसीनही सोबत करतो त्याच्या वेळेवर सगळ्यात आधी हक्क सांगते ती मेडिसीनची ड्युटी, आणि कापला जातो तो प्रयोगशाळेचा वेळ.

भारतात हे दुपटीने होईल. रेसिडेंट कमी असलेल्या सरकारी रुग्णालयात सामाईक प्रशिक्षणाचा मुलगा कॅज्युअल्टीत उभा दिसला की त्याला बेंचवर परत कोण पाठवणार? प्रस्ताव मांडताना ड्युटी रोस्टर आधी लिहा, अभ्यासक्रम नंतर.

विश्वामित्री_एमडी

@रावपुरा, नेमकं बोट ठेवलंत. मेडिसीन विभागात आलेला कुठलाही जादा हात आधी ड्युटीला जुंपला जातो, तो मायक्रोचा असला तरी.

सयाजीगंजकर

रोस्टरचा आणि सार्वजनिक आरोग्याचा मुद्दा घेऊन प्रस्ताव दुरुस्त करतो. एमडी मायक्रो तीन वर्षांचंच राहू दे. त्यात सहा महिने आयसीयू आणि वॉर्ड, सकाळी ९ ते १ फक्त. रात्रीची मेडिसीन ड्युटी नाही, दुपारी परत बेंच. त्या सहा महिन्यांत किमान १०० रुग्णांवर लेखी सल्ला, प्रत्येकावर मेडिसीन किंवा आयसीयूच्या वरिष्ठाची सही. जिल्ह्याचे तीन महिने पंचमहाल म्हणतात तसे, आणि वाळूमाशी यांचं साथीचं काम त्यातच बसवू. डीएमवाल्यांना बेंच सलग सहा महिने, तुकड्यातुकड्यांत नाही, कारण सोमवारी लावलेली प्लेट मंगळवारी स्वतः वाचायची असते. प्रयोगशाळेच्या बाजूने पुढे जाऊ इच्छिणाऱ्याला एमडीनंतर दोन वर्षांची फेलोशिप.

पाच वर्षांची एकच डिग्री मागे घेतो. वॉर्डात जाण्याची सक्ती मात्र सोडत नाही.

वाळूमाशी

तीन महिन्यांत कल्चरची साखळी आणि साथीचं काम दोन्ही? साथ पावसाळ्यात येते, रेसिडेंट जानेवारीत जातो. तुम्ही माझा मुद्दा घेतला म्हणताय, पण कोपऱ्यात बसवलात. माझा विरोध आहे तसाच.

म्युलरहिंटन

या रूपात मी निम्म्यापर्यंत येते. सहा महिने सकाळचे चार तास, कबूल. पण परीक्षा तीच राहिली तर काहीही बदलणार नाही, कारण मुलं परीक्षेला येतं तेवढंच करतात. प्रॅक्टिकलमध्ये आज ग्रॅम आणि झेडएन पद्धतीने स्लाइड रंगवणे, एखादा अनोळखी जंतू ओळखणे हे असतं. त्यात दोन गोष्टी घाला. एक, कॉलिस्टिनची मायक्रोडायल्यूशन ट्रे उमेदवाराने स्वतः लावायची, मिलिलिटरला ५ लाख सीएफयू (जिवंत जंतू) असलेलं इनॉक्युलम (जंतूंचं मिश्रण) स्वतः बनवून, आणि दुसऱ्या दिवशी १६ ते २० तासांनी वाचून कंट्रोल हद्दीत आहे का ते सांगायचं. दोन, आयसीयूतल्या एका खऱ्या रुग्णासमोर उभं राहून रिपोर्टवर पाच ओळींचा सल्ला लिहायचा आणि परीक्षकाच्या प्रश्नांना रुग्णाच्या खाटेशी उत्तरं द्यायची. परीक्षकांतला एक मेडिसीनचा हवा. आणि जिल्ह्याचे आकडे सादर केल्याशिवाय हॉल तिकीट नाही. बेंचचे २४ महिने मात्र कमी होता कामा नयेत. तिथे हात लावलात तर मी पहिल्या प्रतिसादावर परत येईन.